दूरचा स्वस्त ट्रेलर शेवटी कितीला पडतो?

प्रश्न : ताई, मी सुतार आहे. तयार कपाटं, पलंग गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला आणि लाकूड आणायला दोन एक्सलचा उघडा ट्रेलर घ्यायचाय. वापरलेलाच घेणार. दोन नजरेत आहेत. एक जवळच, तासाभराच्या अंतरावर : एकूण क्षमता २००० किलो, रिकामा ४८० किलो, टायर दोन वर्षांपूर्वीचे. दुसरा ९०० किलोमीटरवर. तो मोठा आहे : एकूण २७०० किलो, रिकामा ६५० किलो, आणि जवळच्याच्या ६२ टक्के किमतीत मिळतोय. नुकताच रंगवलाय, फोटोत छान दिसतो. मालक म्हणतो, बरेच दिवस उभाच आहे, लाइट कधी लागतात कधी नाही, ब्रेक बहुतेक ठीक असतील. जाऊन-येऊन इंधन जवळच्या ट्रेलरच्या किमतीच्या ६ टक्के होतं. म्हणजे ३२ टक्के सरळ वाचतात. माझी गाडी २००० किलोपर्यंतचा ब्रेकवाला ट्रेलर ओढते. घरचे म्हणतात एवढ्या लांब जाऊ नकोस, मला मात्र हा फरक सोडवत नाही. फोटो सोबत जोडलेत. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटो मोठे करून पाहिले. वजनं आणि टक्के तुम्ही नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे मोघम बोलायची वेळ माझ्यावर येत नाही. एक्सल, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), चेसिस हेच माझं रोजचं काम. लांबून आणलेले ट्रेलर वर्कशॉपमध्ये येतात तेव्हा मालकाला खरेदीची किंमत तोंडपाठ असते. पण तो दारात उभा राहीपर्यंत आणि पहिला माल चढेपर्यंत एकूण किती गेले, हे विचारलं की तो थांबतो. तो आकडा तुम्ही निघायच्या आधी मांडायचा, म्हणजे घरच्यांशी वाद घालायची गरज उरणार नाही.

जवळच्या ट्रेलरची किंमत १०० धरू. पुढचे कामाचे आकडे मी माझ्या अनुभवाने त्याच प्रमाणात धरलेत. तुमच्याकडचे दर विचारून ते बदला, मांडणी तीच ठेवा.

दूरचा ट्रेलर ६२. जाताना इंधन ३, हे तुमचं बरोबर. येताना मात्र ३ नाही होणार. मागे साडेसहाशे किलोचं लोखंड, त्यात फळ्या नि कठडा वाऱ्याला आडवे. दीडपट धरा, साडेचार. इंधनाचे झाले साडेसात. टोल, मुक्काम मिळून ३. ट्रेलर मागे लावून तुम्ही जातानाच्या वेगाने येऊ शकत नाही, बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही नाही, त्यामुळे ९०० किलोमीटर एका दमात होत नाहीत. जाणं, पाहणं, कागद, येणं यात तीन दिवस सहज जातात. त्या तीन दिवसांत तुमचा रंधा बंद. तुमच्या हिशेबात हा खर्च नाही, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. मी ५ धरते. नावावर करणं, नोंदणी, परतीच्या प्रवासाचा विमा यांना ४. इथपर्यंत साडेएक्याऐंशी झाले आणि ट्रेलरला अजून पाना लावलेला नाही.

आता फोटो. दुसऱ्या फोटोत पुढचं डावं चाक जवळून आलंय. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतात : ३११६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१६ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी खोल आहे, म्हणून तुम्हाला तो नवा वाटला. पण रिमच्या कडेजवळ बघा, केसासारख्या बारीक चिरा गोलाकार गेल्यात. ट्रेलरचे टायर बहुतेक वेळा झिजून जात नाहीत, वयाने जातात. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरत राहिला, दबत-उठत राहिला की ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला ते संरक्षण मिळत नाही, वर ऊनही लागतं. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर वापरू नका, असं अनेक टायर कंपन्या स्वतःच सांगतात. चारही टायर आणि स्टेपनी मिळून ९ धरा. आणि हे टायर तुमच्या घरी पोचल्यावर बदलायचे नाहीत, ९०० किलोमीटर भरधाव रस्त्यावर यायच्या आधी बदलायचे आहेत. अनोळखी गावात, घाईत, समोरचा सांगेल त्या भावाने.

बेअरिंगचंही तसंच. ट्रेलर ‘बरेच दिवस उभाच आहे’ हे मालकाने कौतुकाने सांगितलं असेल, मला ते ऐकून काळजी वाटते. सील कडक झालं की ओल हबमध्ये शिरते. ग्रीस खाली उतरतं, बेअरिंगचे रोलर रिंगवर एकाच जागी टेकून राहतात आणि जिथे टेकतात तिथे गंजाची रेघ उमटते. हब उघडला की या रेघा दिसतात, रोलरच्या अंतराने, एकसारख्या. ग्रीस कितीही नवं भरा, ती रेघ जात नाही. त्यावरून रोलर हजारो वेळा आपटत जातो, पृष्ठभाग सोलायला लागतो, हब तापतो. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने लांबून ओढत आणलेला असाच ट्रेलर आला होता. बेअरिंगची आतली रिंग एक्सलच्या टोकावर तापून चिकटून बसली होती, काढताना टोक कापावंच लागलं, म्हणजे अख्खा एक्सल नवा. चारही हबची बेअरिंग, सील, ग्रीस मिळून मी ३ धरते, आणि हे काम तिथेच करून घ्यायचं. वायरिंगला दीड : लाइट कधी लागतात कधी नाही याचं कारण दहात नऊ वेळा अर्थिंग असतं, पण नव्या रंगाखाली ते शोधायला वेळ जातो. ब्रेकला ४. ‘बहुतेक ठीक असतील’ या वाक्याचा अर्थ त्याने ड्रम उघडलेला नाही एवढाच. उभ्या ट्रेलरचे ड्रम आतून गंजतात, लायनिंग सुटतं. ट्रेलर गाडीला मागून ढकलतो त्या जोरावर चालणारे ब्रेक असतील तर कपलरमागचा (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागामागचा) दांडा आणि डँपरही जाम झालेला असू शकतो.

बेरीज झाली ९९.

न्यायाने जवळच्यालाही हे लावू. तिथेही नावावर करायला ४, आणि बेअरिंग मी तिथेही उघडायला सांगेन, ३. टायर चांगले आहेत. ब्रेक आणि लाइट तुम्ही तासाभराच्या अंतरावर जाऊन स्वतः चालवून बघू शकता, खराब निघाले तर किंमत कमी करून घेऊ शकता. म्हणून १०७.

९९ आणि १०७. तरी दूरचा स्वस्त आहे, असं तुम्ही म्हणाल. आता ज्या रकमेसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. ९०० किलोमीटर गेल्यावर ट्रेलर नापसंत पडला तर रिकाम्या हाताने परत यावं लागतं. त्या फेरीचं इंधन ६, मुक्काम ३, बुडालेलं काम ५, एकूण १४. नुसते फोटो बघून निघालेल्या तीन माणसांपैकी एक तरी असा परत येतो किंवा यायला हवा होता, असं माझं निरीक्षण आहे. तीनात एक फेरी फुकट जाणार असेल तर प्रत्येक यशस्वी फेरीवर अर्धी फुकट फेरी चढते. चौदाचे निम्मे ७. झाले १०६.

‘यायला हवा होता’ हे मी मुद्दाम लिहिलंय. दिवसभर प्रवास करून थकलेला माणूस त्या अंगणात उभा असतो. मालक चांगला वागतोय, रक्कम बरोबर आणलेली आहे, घरी फोन करून ‘घेतला’ म्हणायचं आहे. अशा वेळी स्प्रिंगच्या बैठकीजवळची चीर डोळ्यांना रंगाचा ओघळ वाटते. मालकालाही ठाऊक असतं की हा ९०० किलोमीटर आलाय, हा काही जात नाही. म्हणजे घासाघीस करायचं बळ तुमच्याकडून त्याच्याकडे गेलेलं असतं. जवळच्या ट्रेलरसाठी तुम्ही तीनदा जाल, चौथ्यांदा मेकॅनिकला घेऊन जाल, ‘९२ ला देता का’ विचाराल आणि नाही म्हणाले तर घरी जेवायला याल. नाही म्हणता येणं हे सौद्यातलं सगळ्यात मोठं भांडवल. ते लांबच्या फेरीत प्रवासाबरोबरच खर्च होतं.

म्हणून त्या गावातला एखादा ट्रेलर दुरुस्त करणारा किंवा गाड्या तपासणारा माणूस तुम्ही स्वतः शोधा, मालकाने सुचवलेला नको, आणि त्याला पैसे देऊन तपासणी करून घ्या. दीड टक्का. हा खर्च बघून लोक नाक मुरडतात, पण यादीत सगळ्यात जास्त परत देणारी रक्कम हीच आहे. तो माणूस आधी जाऊन आला तर फुकट फेरीची शक्यता तीनात एकवरून आठात एकवर येते असं धरू. मग फुकट फेरीचा बोजा ७ वरून २ वर उतरतो. ९९ अधिक दीड अधिक २, म्हणजे १०२.५. म्हणजे तुमच्या ३२ टक्क्यांतले उरले साडेचार.

त्याला काय काय बघायला सांगायचं तेही लिहून द्या, ‘बघून सांगा’ म्हणू नका. चारही चाकं जॅकवर उचलून फिरवायची, खालीवर हलवून ढिलाई बघायची. टायरची आतली कड हाताने चाचपायची. फक्त आतूनच झिजली असेल तर बहुधा एक्सल वाकलेला आहे, ट्रेलर कधीतरी क्षमतेपेक्षा जास्त भरला गेलाय. रिकाम्या ट्रेलरचा धड एक्सल बहुतेक वेळा मधोमध किंचित वर उचललेला असतो. दोरी धरून पाहिली तर दिसतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका आणि पुढची दांडी जिथे चेसिसला मिळते तो जोड, इथे वायर ब्रश मारून रंग काढून बघायचा. मालक नको म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. चौकोनी पोकळ नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग झकास. लहान हातोडीने ठोकत जायचं. धड लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं थप्प वाजतं आणि हाताला मऊ लागतं. चेसिस नंबरचा फोटो, पाटीवरचा आणि लोखंडावर ठोकलेला असा दोन्हींचा, आणि कागदावरच्या नंबराशी ताळा. ट्रेलरवर कर्ज नाही याचा कागदही आधीच मागायचा.

हे सगळं पार पडलं तर साडेचार टक्क्यांसाठी जावं का? पैशांचा निवाडा इथे अटीतटीचा झाला असता. पण तुमच्या पत्रातली वजनं वेगळंच सांगतात आणि ती तुमच्या लक्षात आली नाहीत असं वाटतं.

तुमची गाडी २००० किलो ओढते. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. जवळचा ट्रेलर रिकामा ४८०, म्हणजे माल १५२० किलो. दूरचा रिकामा ६५०, म्हणजे तुमच्या गाडीमागे माल १३५० किलो. पाटीवर २७०० लिहिलेलं असू द्या, ते ७०० किलो तुमच्यासाठी नाहीतच. मोठा म्हणून तुम्ही ज्याच्यावर भाळलात तो तुमच्या गाडीमागे १७० किलो कमी माल नेतो, आणि रिकामा असतानाही रोज १७० किलो जास्त लोखंड ओढायला लावतो. काही ठिकाणी तर परवाना कोणता लागतो हे प्रत्यक्ष वजनावर नाही, पाटीवरच्या आकड्यावर ठरतं. तेही विचारून घ्या. आता १०२.५ ला १३५० ने आणि १०७ ला १५२० ने भागा. शंभर किलो माल नेण्याच्या क्षमतेला दूरच्याचे ७.६ पडतात, जवळच्याचे ७. दूरचाच महाग आहे.

जवळचा घ्या. ९२ पासून बोलायला सुरुवात करा, आणि बेअरिंग उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी बदलून मोठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी. मग २७०० किलोला अर्थ आहे आणि तपासणीचा अहवाल चांगला आला तर तुम्ही जावंही. त्या वेळी निघण्याआधी दोन गोष्टी घरी बसून ठरवा : किती किमतीवर घ्यायचा, आणि काय दिसलं तर काही न बोलता परत फिरायचं. कागदावर लिहा, बरोबर येणाऱ्याच्या हातात द्या. किमतीची बोलणीही फोनवर, अहवाल समोर ठेवून, निघण्याआधीच करा.

फोटो चारमध्ये कपलरवर ‘५०’ ठोकलेलं दिसतं, म्हणजे तो ५० मिलिमीटरच्या बॉलसाठी (गाडीमागच्या जोडगोळ्यासाठी) आहे. तुमच्या गाडीवरचा बॉल दोन इंची असेल तर तो ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मोठ्या बॉलवर लहान कपलर पूर्ण खाली बसत नाही, खटका मात्र कधीकधी लागल्यासारखा दिसतो. उलट, मोठ्या कपलरात लहान बॉल आरामात बसतो आणि खड्ड्यात उडून बाहेर येतो. बॉलवरचा आकडा वाचून जा. तिथे कपलर लावल्यावर ट्रेलरचं पुढचं छोटं चाक फिरवून दांडी वर उचला. गाडीचा मागचा भाग बरोबर वर उचलला गेला पाहिजे. कपलर सुटून एकटा वर आला तर तो लागलेलाच नव्हता. मगच साखळ्या आणि ब्रेकची सुरक्षा तार लावा.

बरोबर ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना असू द्या, गाडीचा बसेलच असं नाही. गाडीचा जॅक ट्रेलरच्या एक्सलखाली शिरतो का हेही बघा, बहुतेक शिरत नाही. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबा, ब्रेक शक्यतो न मारता, आणि हाताची पालथी बाजू चारही हबजवळ न्या. कोमट असतील तर चांगलं. चारांत एकच जास्त गरम असेल तर तो हब उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही. चाकं बदलली असतील तर ऐंशी-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे. रिकामा ट्रेलर म्हणून हवा कमी ठेवू नका, कमी हवेत टायर तापतो आणि जुना टायर तापूनच फुटतो.

---

प्रश्न : मला हवा तसा लहान ट्रेलर फार लांब आहे. मालक म्हणतो, येऊ नका, पूर्ण पैसे पाठवा, माझ्या ओळखीचा माणूस घरपोच आणून देईल. प्रवास वाचतो, हा मार्ग चांगला नाही का?

उत्तर : घरपोच आणणं चांगलं, पण विकणारा, आणणारा आणि पैसे घेणारा एकाच बाजूचे असतील तर तुमच्या बाजूला कोणीच उरत नाही. वाहतूकदार तुम्ही ठरवा आणि त्याचे पैसे तुम्ही द्या. परतीला रिकामा जाणारा मोठा ट्रक मिळाला तर भाडं बरंच कमी पडतं, त्यासाठी तारखेची घाई मात्र करता येत नाही. आणखी एक विचारा : ट्रेलर ट्रकवर चढवून आणणार की गाडीमागे ओढत? चढवून आणला तर त्याचे जुने टायर आणि न उघडलेली बेअरिंग वाटेत फिरतच नाहीत, तुम्ही ती सावकाश घरी बदलू शकता. ओढत आणला तर ती सगळी जोखीम तुमच्या मालावर आणि पैसे देऊन झाल्यावर. वाटेत काही झालं तर विमा कोणाचा, हे लेखी घ्या.

पैशांचं म्हणाल तर बयाणा म्हणून थोडे द्या, तेही ट्रेलर खरंच त्याच्याकडे आहे हे कळल्यावर. त्यासाठी व्हिडिओ कॉल करा आणि काय दाखवायचं ते तुम्ही सांगा : कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून चेसिस नंबराशेजारी धरायला सांगा, मग तिथूनच कॅमेरा न थांबवता अख्खा ट्रेलर फिरून, वाकून खालूनही. ज्याच्याकडे माल आहे त्याला यात पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत तो नेटवर्कची तक्रार करतो. कागद कोणाच्या नावावर आहेत आणि पैसे कोणाच्या खात्यात मागतोय, ही दोन नावं जुळली नाहीत तर व्यवहार तिथेच सोडा. उरलेली रक्कम तुम्ही नेमलेल्या माणसाने ट्रेलर आणि मूळ कागद ताब्यात घेतल्यावर.

---

प्रश्न : राहण्याची सोय असलेला, बंद भिंतींचा जुना ट्रेलर बघायला लांब जाणार आहे. चेसिस, टायर यांची चाचणी करून घेतली, सगळं उत्तम. आता आणखी काय बघू?

उत्तर : पाणी. अशा ट्रेलरमध्ये महागात जातं ते पाणीच, आणि ते टायरसारखं सुटं बदलता येत नाही. छताचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी, वरच्या झडपा यांचं सीलिंग वयाने कडक होतं, पाणी भिंतीच्या आत उतरतं, आतल्या लाकडी पट्ट्या कुजतात आणि बाहेरचा थर त्यांच्यापासून सुटतो. कुजायला वर्षं लागतात, त्यामुळे आतून रंगरंगोटी केलेली असली की वरवर काही कळत नाही.

आत शिरल्याबरोबर दार लावून घ्या आणि वास घ्या. नुकताच सुगंधी फवारा मारला असेल तर खिडक्या उघडून अर्ध्या तासाने पुन्हा जा. मग लाकडातली ओल मोजणारं यंत्र घ्या. ते लहानसं असतं आणि भाड्यानेही मिळतं. कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती, कपाटांच्या आतल्या बाजू, झोपायच्या फळीखाली आणि पुढच्या-मागच्या भिंती जमिनीला मिळतात तिथे मोजा. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर काळजी नाही. १५ ते २० असेल तर सीलिंग लवकर करावं लागेल, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. २० च्या वर गेला तर त्या जागी अंगठ्याने दाबून बघा. भिंत आत गेली किंवा करकरली तर आतलं लाकूड मऊ झालंय. ३० च्या आसपास आकडा एकाहून जास्त जागी आला तर भिंत उघडावी लागणार, आणि ते काम बऱ्याचदा ट्रेलरच्या किमतीएवढं होतं. मोजमाप कोरड्या हवेत, उन्हाळ्याच्या शेवटी झालं असेल तर कमी आकड्यावर फार विसंबू नका. तपासणारा माणूस पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांत जाईल असं बघा, आणि तुम्ही निघाल ते त्याचे आकडे हातात आल्यावरच.